भोईरभाऊंची तिसरी प्रत

आमच्या शेजारच्या दारावर दर शुक्रवारी सकाळी एक पुठ्ठा लटकतो. त्यावर लाल स्केचपेनने लिहिलेलं असतं, 'बर्न चालू हाय. बेल मारू नये. दार आपटू नये. जिन्यात धावू नये.' खाली सही, ह. बा. भोईर. आणि सहीच्या खाली, बहुधा जागा उरली म्हणून, 'आभारी आहे.'

बर्न म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्ही अग्निशमन दलाला बोलवाल. भोईरभाऊंच्या हॉलमध्ये एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याला त्यांच्या बायकोने, लीलावहिनींनी, शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर आहे. सगळ्या जगाने लग्नाबारशाचे व्हिडिओ फोनमध्ये कोंबून टाकले, तरी हे गृहस्थ अजून ते कोऱ्या डीव्हीडीवर उतरवतात. एक डीव्हीडी व्हायला पाऊण तास लागतो, कारण भाऊ मुद्दाम सगळ्यात कमी स्पीड लावतात. त्या पाऊण तासात आमच्या मजल्यावर कुणी शिंकलेलंही त्यांना खपत नाही.

शुक्रवारच का, तर आमच्या भिवंडीत कापडाच्या लूमला शुक्रवारची सुट्टी. लूम बंद म्हणजे लाइटवर ताण नाही. "शुक्रवारी व्होल्टेज सरळ असतं बाई," असं ते मला समजावतात. मी शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे, पण अख्खी सोसायटी मला अजून वैद्यबाईच म्हणते. तर या सरळ व्होल्टेजपायी शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मी मिक्सर लावायचा नाही. एकदा विसरून लावला. खोबरं अजून खाली बसलं नव्हतं, तोच भाऊ बनियनवर दारात हजर. माझ्याकडे आणि मिक्सरकडे आळीपाळीने बघत राहिले. तेव्हापासून आमच्याकडे शुक्रवारी इडलीबरोबर सांबारच असतं.

गॅसवाल्याचं तर विचारूच नका. तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आला, आणि भाऊंनी दाराच्या फटीतून त्याला दबक्या आवाजात सांगितलं, "भैया, आवाज मत करना, बर्न चालू है." तो माणूस इतका घाबरला की सिलिंडरसकट खाली गेला आणि गेटबाहेर जाऊन उभा राहिला. वहिनींनी दोन दिवस आमच्या शेगडीवर स्वयंपाक केला.

भाऊ मूळचे वडप्याचे. हायवेला लागून त्यांची भातशेती होती, आता तिथे गोदामं आहेत. त्यांनी स्वतः आयुष्यभर लूमच्या कारखान्यात मिस्त्री म्हणून नोकरी केली. चाळीस लूम एकदम खडखडत असताना कुठल्या लूमचं काय बिघडलंय, हे त्यांना म्हणे कानाने कळायचं. लूम मध्येच थांबून परत सुरू झाला की कापडात आडवी पट्टी पडते आणि तो अख्खा ताका, म्हणजे कापडाचा तागा, भावात मार खातो. ती पट्टी त्यांच्या डोक्यात कायमची बसली आहे. बर्न चालू असताना ते कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावून बसतात. "मधी थांबलं की पट्टी पडली समजा," असं त्यांचं म्हणणं. शंभर टक्के झालं की डब्यावर थाप मारतात, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

पण शंभर टक्क्यांवर त्यांचं समाधान होत नाही. मग ते तपासतात. त्याला त्यांचा शब्द 'व्हेरिफाय'. हा शब्द त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिला आणि आयुष्याला लावला. भाजीवाल्याने किलोभर कांदे दिले, व्हेरिफाय केलं का? डॉक्टरने गोळी लिहून दिली, व्हेरिफाय केलं का? सोसायटीच्या सभेत चेअरमनची निवड हात वर करून झाली, तर यांनी सगळ्यांना हात खाली घ्यायला लावून परत वर करायला लावले. दुसऱ्या वेळी दोन हात कमी भरले, आणि ते दोन कुणाचे यावर पुढचा महिनाभर जिन्यात कुजबुज चालली होती. लीलावहिनी म्हणायच्या, "माझ्याशी लग्न तेवढं व्हेरिफाय न करता केलं यांनी." भाऊ त्यावर लाजून कव्हरवरची धूळ झटकायचे.

त्यांच्या पुतण्याने एकदा त्यांना सांगितलं की काका, आता हे सगळं क्लाउडवर ठेवतात. भाऊंनी विचारलं, क्लाउड म्हणजे कुठे? पुतण्याला धड सांगता येईना. तेव्हा भाऊ जे बोलले ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. "माझ्या आयचा आवाज मी दुसऱ्याच्या घरी ठेवायचा, आन् त्याचा पत्ता पन मला ठाव न्हाय? ठेवायचाच तर वैद्यबाईंच्या माळ्यावर ठेवीन. बाईंचा पत्ता मला माहिती हाय."

आणि खरंच ठेवला. भाऊंचा नियम असा की प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती. पहिली कपाटात, दुसरी स्वतःच्या माळ्यावर, आणि तिसरी शेजारच्या घरात, कारण स्वतःचं घर म्हटलं की त्याला आग, पाणी, चोर सगळं एकदमच लागणार. अशा तिसऱ्या प्रती त्यांनी सोसायटीत पाच घरांत वाटून ठेवल्या. आमच्या वाट्याला चाळीस डीव्हीडींचा एक खोका आला. प्रत्येकीवर नंबर, आणि सगळ्या नंबरांची नोंद एका लांबट रजिस्टरमध्ये. लूमवर हजेरीला असतं ना, तसलं.

वहिनी होत्या तोवर भाऊ या प्रती बघायला वर्षातून एकदा यायचे. वहिनी गेल्या आणि ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यायला लागले. बरोबर साडेचारला बेल. काखेत रजिस्टर, खिशात जुन्या बनियनचा मऊ तुकडा. आमचे हे स्टुलावर चढून खोका काढून द्यायचे. भाऊ एकेक डीव्हीडी ट्यूबलाइटसमोर धरून बघायचे, पुसायचे, रजिस्टरमध्ये टिक करायचे. मग मी चहा टाकायचे. चहा झाल्यावर ते थोडा वेळ बसायचे आणि वडप्याच्या गोष्टी सांगायचे, खाडीत बोय मासे कसे पकडायचे, आई धवले कशी म्हणायची. आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणजे लग्नाची गाणी, आणि ती म्हणणारी बाई धवलारीण. भाऊंची आई नावाजलेली धवलारीण होती. तिच्याशिवाय पंचक्रोशीतली हळद लागायची नाही.

आता खरं सांगते, मला त्या रविवारचा वैताग यायचा. टीव्हीवर काही बघावं, जरा आडवं व्हावं, तर हे ट्यूबलाइटसमोर. मी ह्यांना म्हणायचे, या चाळीस चकत्यांनी माझे रविवार खाल्ले.

त्यात कबुतरं आली. आमच्या गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे त्यांनी संसार थाटला. काय ती घाण आणि काय ते घुमणं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी सल्ला दिला की जुन्या सीडी दोरीला बांधून टांगा, चमकल्या की कबुतरं येत नाहीत. आमच्या घरात जुनी सीडी नव्हती. पण माळ्यावर खोका होता. मी स्वतःशी हिशेब केला की चाळीसातल्या सात गेल्या तर काय बिघडतं, दोन-दोन प्रती त्यांच्याकडे आहेतच. एका दुपारी मी खोक्याच्या तळातून सात डीव्हीडी काढल्या आणि गॅलरीत ओळीने टांगल्या. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून एवढंच म्हणाले, "हे तुला शोभत नाही." मी म्हटलं, मग तुम्ही जाऊन बसा गॅलरीत आणि कबुतरं हाकला.

आठ दिवस कबुतरं आली नाहीत. नवव्या दिवशी आली आणि डीव्हीडीत स्वतःचं तोंड बघत बसली.

पुढच्या पहिल्या रविवारी साडेचारला मी गॅलरीचा पडदा ओढून घेतला. तरी उन्हाचा एक चमकता ठिपका भाऊंच्या शर्टावर फिरत होता. माझा जीव टांगणीला लागला होता. पण भाऊंनी त्या दिवशी तीसेक डीव्हीडी पाहिल्या, तळाकडे हात घातला, थांबले, आणि खोका बंद करत म्हणाले की बाकीचं बरंच असणार. त्यानंतर ते खोका उघडेनासेच झाले. यायचे, सगळं बरं हाय ना विचारायचे, टिक करायचे, चहा घ्यायचे, बसायचे. मला वाटलं, वय झालं, म्हातारा ढिला पडला. सुटले बाई, असंही वाटलं.

असं दोन वर्षं चाललं. मग भाऊंच्या एकुलत्या एक मुलीचं, मयुरीचं, लग्न ठरलं. मुलगा पडघ्याचा, हळद वडप्याच्या अंगणात. मयुरी आजीच्या मांडीवर वाढलेली. तिचा एकच हट्ट होता. डीजे नंतर काय वाजवायचा तो वाजवू दे, पण हळद लागताना धवला आजीचा लागला पाहिजे. आजी जाऊन पाच वर्षं झाली होती. पण भाऊंनी आईचे धवले एका पुतणीच्या हळदीत कॅमेऱ्यावर घेतले होते, आणि ते डीव्हीडीवर होते. नंबर एकतीस.

हळद शनिवारी. मंगळवारी सकाळी मयुरी आमच्या दारात उभी, डोळे लाल. भाऊ मांडवाच्या कामाला वडप्याला गेले होते. तिने कपाट उघडलं तर वरच्या मजल्याच्या बाथरूमची गळती भिंतीतून थेट कपाटात उतरली होती. त्याच भिंतीने ती माळ्यावरही पोचली होती. एकतीस नंबरच्या दोन्ही प्रतींवर पांढरी बुरशी चढलेली. कॉम्प्युटरमधलं मूळ भाऊंनी जागा करायला केव्हाच पुसून टाकलं होतं. "काकू, तुमच्याकडची तिसरी द्या ना," ती म्हणाली. "आता तीच राहिली."

मी तिला सांगितलं की खोका वर आहे, आमचे हे बाहेरून आले की काढून देते. तिला वाटेला लावलं, दार लावलं आणि गॅलरीत धावले. डावीकडून तिसरी. भाऊंच्या सुबक अक्षरात '३१, आई, धवले' असं फिकट दिसत होतं. दोन वर्षांच्या उन्हाने तिचा चकचकीत पापुद्रा सोललेला, आणि कबुतरांनीही आपलं मत वर नोंदवलेलं.

मी ती भांड्यांच्या साबणाने धुतली, मऊ फडक्याने पुसली, देवापुढे ठेवली. मग पदराखाली लपवून नाक्यावरच्या फोटो स्टुडिओत नेली. पूर्वी तिथे दिवसाला पन्नास सीडी व्हायच्या. आता दुकानदाराला पोटमाळ्यावरून ड्राइव्ह शोधून काढायला अर्धा तास लागला. त्याने डीव्हीडी उजेडात धरली, एक डोळा मिटून बघितलं आणि अगदी हळुवारपणे म्हणाला, "मॅडम, इसमें से तो सामनेवाला बस स्टॉप दिख रहा है." तरी त्याने ती आत घालून पाहिली. ड्राइव्हने दोनदा कण्हल्यासारखा आवाज केला आणि डीव्हीडी बाहेर ढकलून दिली.

घरी येऊन मी पलंगावर बसून रडले. आयुष्यभर मुलांना सांगत आले की दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये, आणि कबुतरांपायी मी एका आईचा आवाज उन्हात वाळत घातला. आमच्या ह्यांनी पाण्याचा पेला आणून शेजारी ठेवला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी भाऊ परतल्याचं कळलं तशी मी गेले. हातात ती डीव्हीडी. बापलेक दोघंही हॉलमध्ये होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कबुतरं, दोरी, साबण, बस स्टॉप, काही लपवलं नाही. मयुरीने तोंडावर हात धरला. भाऊंनी माझ्या हातातली डीव्हीडी घेतली, बनियनच्या तुकड्याने सवयीने पुसली आणि टेबलावर ठेवली.

"बसा बाई," ते म्हणाले. "मयुरी, बाईंच्या घरी जा. शोकेसमधी त्यांची सत्काराची ट्रॉफी हाय बघ, शाळेनं दिलेली. तिच्या मागं हात घाल."

मला काही कळेना. मयुरी गेली आणि दोन मिनिटांत परत आली. हातात कागदाच्या पाकिटात एक डीव्हीडी, वर बोटभर धूळ. नंबर एकतीस. प्रत चौथी. मी चहा टाकायला आत गेले की हा माणूस माझ्याच शोकेसमध्ये डीव्हीडी लपवत होता. आणि दोन वर्षांत मी त्या ट्रॉफीमागे एकदाही फडकं फिरवलं नव्हतं, हेही त्याच दिवशी जगजाहीर झालं.

"पण परत माझ्याच घरात का ठेवलीत?" मी विचारलं.

"नियम हाय ना," भाऊ म्हणाले. "तिसरी प्रत शेजारच्या घरात." आणि ते कॉम्प्युटरचं कव्हर काढायला वळले. मयुरीने डोळे पुसत दारावर पुठ्ठा लावला.

भाऊ डब्याला कान लावून बसले होते तेव्हा टेबलावर रजिस्टर उघडंच पडलं होतं. वाचू नये हे मला कळतं, पण वाचलं. प्रत्येक घराला एक पान. शेवटचा रकाना 'शेरा'. पहिल्या घराच्या पानावर, 'दार उघडलं नाही.' दुसऱ्या, 'घाईत होते.' तिसऱ्या, 'पुढच्या वेळी फोन करून या बोलले.' चौथ्या, 'उभ्याउभ्या.' हे असं महिनोन् महिने खालपर्यंत. मग आमचं पान. 'चहा. पाऊण तास बसलो.' 'चहा, चिवडा. एक तास.' 'चहा. बाईंना बरं नव्हतं, तरी केला.' मध्ये एके ठिकाणी बारीक अक्षरात, 'सात प्रती गॅलरीत. कबुतरं जात न्हाईत. साती नव्यानं बर्न करणे. बाईंना बोलायचं न्हाय, वाईट वाटेल, मग बोलवणार न्हाईत.'

ज्या पाऊण तासाचा मी वैताग करत होते, तो हा माणूस लिहून ठेवत होता. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्यांच्याबद्दल माया वाटली. मी रजिस्टर मिटलं. तेवढ्यात डब्यातून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला आणि मयुरी खाली जमिनीवर बसून ऐकायला लागली.

शनिवारी आम्ही दोघं वडप्याला गेलो. दोन गोदामांच्या मधल्या अंगणात मांडव होता. भाऊंनी पेनड्राइव्हवर विश्वास न ठेवता अख्खा कॉम्प्युटर टेम्पोत घालून आणला होता, फुलाफुलांच्या कव्हरसकट. मांडवाच्या खांबाला पुठ्ठा. डीजेवाल्या पोरांना तंबी होती की धवला संपेपर्यंत त्यांनी त्यांच्या मशीनचं बटण दाबायचं नाही, व्होल्टेज पडतं. पोरं हात बांधून उभी होती.

मयुरीला हळद लागायला लागली आणि आजीचा धवला सुरू झाला. म्हाताऱ्या बायका आधी दचकल्या, मग एकेक करून तिच्या आवाजात आवाज मिसळायला लागल्या. मधे एका ठिकाणी आजी थांबली, खोकली, आणि कॅमेरा धरलेल्या लेकाला, म्हणजे भाऊंना, म्हणाली, "हरी, ठेव रं तो डबा. जेवून घे आधी." सगळा मांडव हसला. भाऊंना ते वाक्य कापता आलं असतं, पण कधी कापलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. ते हळूच म्हणाले, "जेवतो, आये." आणि डब्यावर थाप मारली.

मयुरी पडघ्याला गेली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी साडेचारला बेल वाजली. मी ह्यांना आधीच खोका काढून ठेवायला लावला होता. गॅलरीतल्या दोऱ्या कापल्या होत्या, कबुतरं मजेत होती. भाऊंनी उरलेल्या तेहेतीस डीव्हीडी पाहिल्या, सहा नव्या शोकेसच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून स्वतःच काढल्या, सातवी, एकतीस नंबर, घरून आणली होती ती त्यांत ठेवली आणि चाळीसच्या चाळीस नंबरांवर टिक केली. चहा झाला. ते उठायला लागले तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, त्या बाकीच्या चार घरांतल्या प्रतीही माझ्याकडे आणून ठेवा."

त्यांनी मनातल्या मनात आकडेमोड केली. "दोनशे होतील बाई. मग एका रविवारात व्हेरिफाय व्हायचं न्हाय."

"नको होऊ दे," मी म्हटलं. "दर रविवारी या."

भाऊ परत खुर्चीत बसले. रजिस्टर उघडलं, शेऱ्याच्या रकान्यात 'चहा' लिहिलं होतं, त्याच्यापुढे 'दोनदा' लिहिलं, आणि पेन हातात धरून माझी वाट बघत राहिले. मी उठून परत आधण ठेवलं.